गाणी तीच ना?

रविवारी दुपारी जेवून उठलो, हात पुसायला ओट्यावरचं फडकं उचललं, तर फडक्यावर मुंबई. म्हणजे नाव. रोमन अक्षरांत, पांढऱ्या रंगाचं, अर्धंअधिक उडालेलं, आणि शेजारी एक फेब्रुवारी. फडकं उलगडलं. मुंबईच्या खाली पर्थ, आणि पर्थच्या पोटातून कात्री फिरलेली. मग मी कामालाच लागलो. मेलबर्न आणि सिडनी लादी पुसायच्या बादलीत सापडले. बोगोटा, सो पाउलो, ब्युनोस आयरिस ही दक्षिण अमेरिकेतली मंडळी स्कूटरच्या डिकीत निघाली, ऑइलमध्ये लडबडलेली.

"काखेत फाटला होता," बायको म्हणाली. "तुला विचारूनच कापला. तू हो म्हणालास."

म्हणालो असेन. मॅच चालू असताना मी कशालाही हो म्हणतो.

आयर्न मेडन या इंग्लंडच्या हेवी मेटल बँडच्या २००८च्या दौऱ्याचा टी-शर्ट होता तो. तो दौराच मुंबईत सुरू झाला, एक फेब्रुवारीला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर. म्हणून पाठीवरच्या यादीत मुंबई सगळ्यांत वर. लंडन नाही, न्यूयॉर्क नाही, मुंबई. नंतर किती दिवस मी लोकांकडे पाठ करून उभा राहायचो. टी-शर्ट अर्थात नकली, फुटपाथवर दीडशे रुपयांना घेतलेला. खरा आत मैदानात मिळत होता. आमच्यातल्या बँकवाल्याने त्याला हात लावून बघितला, किंमत विचारली, आणि सोनाराकडची वस्तू ठेवतात तसा दोन्ही हातांनी परत ठेवला.

आईला या काळ्या टी-शर्टांचं वावडं होतं. "आज संक्रांत आहे का?" हा तिचा ठरलेला प्रश्न. एकदा तिने दोरीवर वाळत घातलेले मोजले, सात निघाले. खालच्या काकूंना म्हणाली, "आमच्याकडे बारा महिने पितृपक्ष. कावळे बसलेत दोरीवर." पण दुसरा प्रश्न जास्त वर्मी लागायचा. २००७च्या मार्चमध्ये मेडन पहिल्यांदा भारतात येणार, तेही बंगलोरला, म्हणून मी पिशवी भरत होतो. ती दारात उभी राहून म्हणाली, "गाणी तीच ना?"

"तीच."

"मग घरी कॅसेट आहे की."

याला उत्तर नव्हतं. मी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेतली आणि निघालो.

उद्यान एक्सप्रेसचं आरक्षण मिळालेलं नव्हतं. आम्ही चौघं. बँकवाला, जटाधारी (केस कमरेपर्यंत, घरात रोज भांडण), एक इंजिनिअरिंगला दोनदा नापास झालेला, आणि मी. पुण्याला दुपारी डब्यात घुसलो ते एका पायावर. दौंड जाईपर्यंत दुसरा पाय टेकायला जागा झाली. सोलापूरला फलाटावर तीन काळे टी-शर्ट दिसले. जटाधारी दारातून ओरडला, "अप द आयर्न्स!" हा आमचा रामराम. तिकडून तीन मुठी वर झाल्या आणि ते तिघं धावत आमच्याच डब्यात आले. गुलबर्ग्याला आणखी दोन. वाडीला एक एकटाच, चष्मेवाला, हातात स्टीलचा डबा, टी-शर्ट इस्त्री केलेला. इस्त्री केलेला मेडनचा टी-शर्ट मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिला नाही. गुंतकलच्या पुढे रात्री कधीतरी आम्ही संडासापाशी वर्तमानपत्रं अंथरून दहा जण बसलो होतो आणि कुठल्या अल्बममध्ये दुसरं गिटार जास्त चांगलं आहे यावर मारामारीची वेळ आली होती. एक म्हातारी गाठोड्यावर डोकं टेकून आमच्याकडे बघत होती. मध्येच तिने कानडीत काहीतरी विचारलं. चष्मेवाल्याने उत्तर दिलं. ती हसली आणि कूस बदलून झोपली. काय विचारलं तिने? चष्मेवाला म्हणाला, "कुठल्या देवाला चाललात, विचारत होती." आणि तू काय सांगितलंस? "नवीन देव आहे म्हटलं."

आता इथे वारी आणायचा मोह होतोय. नको. वारीत लोक चालतात. आम्ही तिकीट काढून संडासापाशी बसलो होतो.

बंगलोरला पॅलेस ग्राउंड्सबाहेरची रांग सकाळपासूनच. मार्चचं ऊन, लाल माती. रांगेत माझ्यापुढे शिलाँगचा एक पोरगा होता. गुवाहाटीहून रेल्वेने आला होता, दोन रात्री उलटून गेल्या होत्या प्रवासात. गिटारबद्दल आमचं काही जमेना, त्याचं आवडतं तेच मला नावडतं. पण माझ्याकडची चटणी त्याने अशी खाल्ली की डबा पुसायला लागला नाही. "यात काय घालता?" म्हणाला. मी दाणे म्हटलं, लसूण, तिखट, आणि कुटताना हात न राखणं. हे शेवटचं हिंदीत नीट सांगता आलं नाही.

कार्यक्रमाचं काय सांगू? माझी उंची पाच फूट चार. माझ्यापुढे सहा फुटी माणूस, त्याच्या खांद्यावर त्याची मैत्रीण. गायक ब्रूस डिकिन्सन मला तीनदा दिसला, तिन्ही वेळा उडी मारताना, म्हणजे हवेत. स्टीव्ह हॅरिस मात्र एकदा नीट दिसला. एक पाय पुढच्या स्पीकरवर, बास गिटार बंदुकीसारखं आमच्यावर रोखलेलं, आणि उजव्या हाताची बोटं. तार छेडायची पिक नाही, नुसती बोटं. तो घोड्याच्या टापांसारखा आवाज मी दहा वर्षं कॅसेटवर ऐकत होतो आणि तो कुठल्या तरी यंत्राचा असावा असं मनात कुठेतरी धरून होतो. दोन बोटं होती ती, एका माणसाची. त्याने लेटन नावाच्या लंडनच्या एका कोपऱ्यात १९७५ साली हा बँड काढला तेव्हा माझ्या आईचं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं.

'फिअर ऑफ द डार्क' या गाण्याला गिटारची सुरावट लोकच गातात. शब्द नाहीत, नुसतं ओ-ओ. हजारो माणसं तालात ओ-ओ करतायत, लाल धूळ उडतेय. गाणं संपलं, आरडाओरडा झाला, ओसरला, आणि त्या एका क्षणाच्या शांततेत मागून कुठूनतरी खणखणीत आवाज आला, "वन्समोअर!"

बँकवाला तासाभरापूर्वी गर्दीत हरवला होता. कुठे आहे ते कळलं.

त्याच संध्याकाळी वेस्ट इंडीजमध्ये वर्ल्ड कपात आपली बांगलादेशशी मॅच होती, हे आम्ही विसरून गेलो होतो. बाहेर पडून रिक्षा शोधतोय तर पानाच्या टपरीपुढे माणसांचा पुंजका, कुणी बोलत नाही. १९१ ऑल आउट. मध्यरात्रीनंतर हरलोच. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर आमचे डोळे लाल, घसे बसलेले, तोंडं सुकलेली. एका गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "होता है, बेटा." मी मान हलवली. आमच्यासारखे दुःखी लोक त्या फलाटावर दुसरे नव्हते असंच त्यांना वाटलं असणार. आणि आम्ही आनंदात होतो हे सांगायला कुणाला आवाजच नव्हता.

पण गाणी तीच ना?

अमेरिकेत ग्रेटफुल डेडच्या मागे माणसं वर्षानुवर्षं गाड्या घेऊन हिंडली, त्यांना डेडहेड्स म्हणतात. त्यांच्या आयांना निदान उत्तर मिळत असेल. १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत त्या बँडने दोन हजारांवर कार्यक्रम केले आणि गाण्यांची यादी रोज वेगळी. आज सहा मिनिटांत आटपलेलं गाणं उद्या वीस मिनिटं चालायचं. लोक टेपरेकॉर्डर घेऊन यायचे, बँडची हरकत नव्हती, उलट १९८४पासून त्यांच्यासाठी मैदानात वेगळी जागाच ठेवली. कालचं आज नाही, तेव्हा परवाही जायला हवं. मुद्दा बिनतोड आहे.

आमच्याकडे तसं काही नाही. मेडनची एका दौऱ्याची यादी एकदा ठरली की ठरली. पर्थला जे, तेच बोगोटाला. सुरू होण्याआधी यूएफओ या बँडचं 'डॉक्टर डॉक्टर' लागतं, ती नांदी. ते ऐकू आलं की माणसं पाण्याच्या रांगा सोडून पळत सुटतात. सगळं संपलं की माँटी पायथन या ब्रिटिश विनोदी मंडळींचं शिट्टी वाजवणारं गाणं लागतं, ते भरतवाक्य. मध्ये ठरलेल्या गाण्याला एडी नावाचा, बँडचं बोधचिन्ह असलेला अजस्र पुतळा येतो. आम्हाला माहीत असतं तो येणार. तो आला की आम्ही असे दचकतो की पूर्वी कधी पाहिलाच नाही.

हे बहुधा रक्तातलं असावं. आमचे पणजोबा कऱ्हाडचे, बालगंधर्वांच्या नादी लागलेले. सांगलीला हळदीच्या सौद्याला जातो म्हणून निघायचे आणि गंधर्व नाटक मंडळीचा मुक्काम असेल त्या गावी उतरायचे. मिरज, कोल्हापूर, सातारा, पुणे. मीटरगेजची गाडी, तिचा वेग तो केवढा. हळद न घेता परत. १९२१च्या जुलैमध्ये मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं, केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. त्याला आपण हजर होतो असं ते मरेपर्यंत सांगायचे. आजीचा, म्हणजे त्यांच्या सुनेचा, यावर विश्वास नव्हता. ती म्हणायची, कऱ्हाडात निम्मे म्हातारे त्या प्रयोगाला हजर होते. खरंखोटं जाऊ दे. पण 'मानापमान' त्यांनी पंचवीसेक वेळा तरी पाहिलं होतं, हे तिलाही मान्य होतं. नाटक तेच, भामिनी तीच, पदं तीच. तेवढ्याने पोट भरत नाही म्हणून पद संपलं की वन्समोअर, आणि तेच पद पुन्हा. ते झालं की परत वन्समोअर. पणजीने त्यांना दारात काय विचारलं असेल ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

एक मात्र आहे. आपला वन्समोअर हा हुकूम असतो. या बँडवाल्यांचं तसं नाही. ते "गुड नाइट" म्हणून आत जातात, आपण घसा फोडतो, ते परत येतात आणि आणखी गाणी म्हणतात, पण ती गाणी आधीच ठरलेली. पाणी प्यायला आत गेलेले असतात. बँकवाल्याला मी हे समजावून सांगितलं. २००८ला मुंबईत त्याने पुन्हा "वन्समोअर" दिला. २००९ला आम्ही परत बंगलोरला गेलो तेव्हाही. तेव्हा जटाधारी दुबईत नोकरीला होता. तिथला कार्यक्रम पाहून दोनच दिवसांत तो बंगलोरला हजर, म्हणजे बँडच्याच वाटेने. फक्त बँड स्वतःसाठी भाड्याने घेतलेल्या विमानाने आला, बोइंग ७५७, बाहेरून एडीचं चित्र आणि चालवायला गायक स्वतः. हे मी आईला सांगितलं होतं. त्या एका गोष्टीने ती गप्प झाली. "गातो आणि विमानही चालवतो?" मग जरा वेळाने, "बघ. नाहीतर तू."

त्यानंतर ते इकडे फिरकले नाहीत. आमचंही फिरकणं बंद झालं. चष्मेवाल्याचा नंबर एका जुन्या फोनबरोबर गेला. शिलाँगच्या पोराचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. उरलेल्या चौघांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर आता गुडघेदुखी आणि मुलांचे क्लास. जटाधारीला टक्कल पडलंय, पण नाव तेच ठेवलंय. २०२४च्या डिसेंबरमध्ये एका सकाळी त्याचा मेसेज आला, निको थांबतोय. ड्रमर निको मॅकब्रेन, बहात्तर वर्षांचा. आदल्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, त्यातूनही तो उठून वाजवत होता. सो पाउलोत शेवटचं वाजवून दौऱ्यांना रामराम. दिवसभर ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही. चार निळ्या टिका दिसत होत्या फक्त. रात्री साडेअकराला बँकवाल्याने एकच शब्द टाकला. कुठला ते सांगायला नको.

सो पाउलो डिकीतून काढून मी साबणाच्या पाण्यात भिजत घातलं. ऑइल निघेना. सोमवारी सकाळी मावशी कामाला आल्या, मी बादलीपाशी उभा. त्यांनी मेलबर्न-सिडनी पिळलं आणि लादीवर आडवा हात मारला.

"ह्ये फडकं कुठं ठिवू नका हां दादा," त्या म्हणाल्या. "लई ग्वाड हाय. पानी वढतंय."

म्हटलं, अजून एक आहे कपाटात, बंगलोरचं. सध्या राहू दे.