दोन वर्षं करपलेला चाफा

फोंड्याला फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा डिचोलीच्या मावशीने तिच्या परसातल्या देवचाफ्याची हातभर फांदी दिली. ‘चीक सुकून टोक कोरडं होईस्तोवर सावलीत ठेव, मगच लाव,’ एवढंच सांगितलं. दहा दिवस ठेवून कुंडीत लावली. जगली. तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये शेंड्यावर तुरा निघाला, कळ्या हरभऱ्याएवढ्या झाल्या आणि काळ्या पडून गळाल्या. पुढच्या वर्षीही तेच.

मला वाटलं, झाड उपाशी आहे. म्हणून मूठभर युरिया घातला, शिवाय दर रविवारी बांगडे धुतलेलं पाणी. पानं वीतभर लांब झाली, हिरवीगार! नायट्रोजन जास्त झाला की झाड पानांतच रमतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मावशीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ‘अगो, आमच्या चाफ्याला कोण पाणी घालतं? गडग्याजवळ नुसता उभा असतो तो.’

तिच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, दिवसभर ऊन असतं. माझ्या बाल्कनीत सकाळी दोन तास, मग समोरच्या इमारतीची सावली. चाफ्याला किमान सहा तास थेट ऊन लागतं. कुंडी गच्चीवर न्यायची ठरली. लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंतच, पुढच्या जिन्यावर नवरा आणि मी दर पायरीला थांबत गेलो. हे सगळं जानेवारीत केलं, पानं झडलेली असताना. तुरा आल्यावर कुंडी हलवली तर कळ्या गळू शकतात. झाड बोडकं दिसत होतं म्हणून छाटणार होते, तेही टाळलं. फूल शेंड्यालाच येतं, शेंडा कापला की त्या फांदीचा त्या वर्षीचा तुरा गेलाच म्हणून समजा.

माती बदलली. जुनी चिकट होती, पाणी धरून ठेवायची. नव्या मिश्रणात बारीक चिऱ्याचे तुकडे आणि वाळू भरपूर, शेणखत अगदी थोडं. पानं नसताना पाणी जवळपास बंद. कोंब फुटल्यावर वरची दोन इंच माती सुकली की भरपूर घालायचं.

मार्चअखेरीला तुरे दिसले. तीन फांद्या, तीन तुरे. या वेळी एक तुरा पांढऱ्या कागदावर हलकेच आपटून पाहिला. कागदावर केसाच्या तुकड्यांसारखे बारीक किडे वळवळत होते. फुलकिडे! ते कोवळ्या कळ्यांचा रस शोषतात, मग कळी वाकडी होते, करपते. दोन वर्षं मी खताच्या मागे होते आणि हे तिथेच बसलेले. लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, आठवड्यातून एकदा, ऊन उतरल्यावर फवारलं. पानांखालीही.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पहिलं फूल उमललं, पांढरं, मध्ये पिवळं. रात्री गच्चीचं दार उघडताच वास यायचा. दुसऱ्या फांदीवर एकामागून एक उमलत राहिली, पाऊस सुरू होईपर्यंत.

तिसरा तुरा मात्र यंदाही करपला. त्या फांदीवर दुपारनंतर पाण्याच्या टाकीची सावली पडते. कुंडी फिरवायची आहे, पण आता नाही, पानं झडली की.