पंचविसावा वाढदिवस

टोरोंटोतील माझ्या दुसऱ्या हिवाळ्यापासून मी दर रविवारी संध्याकाळी बेघर तरुणांच्या एका निवाऱ्यात जेवण वाढायला जाते. येथे १६ ते २४ वर्षांच्या मुलामुलींनाच ठेवून घेतात. गेल्या वर्षी एका मुलाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला केक आणला होता. त्याने तो तोंडातही घातला नाही, कारण वयाची अट संपल्यामुळे त्याला आता प्रौढांच्या निवाऱ्यात खाट शोधायची होती.

या मुलाला स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि भ्रम होण्याचा गंभीर मानसिक आजार आहे. या आजाराची पहिली लक्षणे बहुधा विशीच्या आसपास दिसतात, आणि नेमकी याच वयात इथली व्यवस्था माणसाला एका खात्यातून दुसऱ्या खात्यात ढकलत राहते. अठराव्या वर्षी मुलांचे मानसोपचार विभाग बंद होतात. टोरोंटो ज्या प्रांतात आहे त्या ओन्टारियोत खाजगी विमा नसलेल्या तरुणांना सरकारी योजनेतून अनेक औषधे विनामूल्य मिळतात, परंतु तीही पंचविसाव्या वाढदिवसापर्यंतच. पुढे दुसऱ्या योजनेसाठी वेगळा अर्ज करावा लागतो.

औषध हाती असले तरी ते घेणे सोपे नसते. यातल्या काही गोळ्यांनी गाढ झोप लागते आणि उघड्यावर गाढ झोपणाऱ्याचे बूट, फोन, कधी गोळ्याही चोरीला जातात. त्यामुळे मुले गोळ्या टाळतात. 'औषधे घेत नाही' असा शेरा कागदावर पडतो तेव्हा हे कारण त्यात क्वचितच येते. फोन गेला की डॉक्टरांची वेळही हुकते.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडाच्या एका देशव्यापी पाहणीत ११०३ बेघर तरुणांपैकी ४२ टक्क्यांनी आत्महत्येचा किमान एक प्रयत्न केल्याचे सांगितले होते. सुमारे ४० टक्के मुले वयाच्या सोळाव्या वर्षाआधीच पहिल्यांदा बेघर झाली होती, म्हणजे आमच्या निवाऱ्याचे दारही ज्या वयात उघडत नाही, त्या वयात.

उपाय कोणाला ठाऊक नाही, असे मात्र नाही. २००९ ते २०१३ या काळात टोरोंटोसह पाच शहरांत, मानसिक आजार असलेल्या बेघर लोकांना उपचाराची अट न घालता आधी घर आणि सोबत मदत देण्याचा मोठा प्रयोग झाला. नेहमीच्या सेवांवर अवलंबून असलेल्यांपेक्षा ही माणसे घरात कितीतरी अधिक काळ टिकली. प्रयोग सरकारी पैशांतूनच झाला होता, म्हणून तर मला अधिक राग येतो.

त्या केकनंतर मी रविवारी तासभर आधी जाते आणि चोविशी गाठलेल्यांसोबत बसून अर्ज भरते. पत्त्याच्या रकान्यात आम्ही निवाऱ्याचाच पत्ता लिहितो. तो वाढदिवसापर्यंत चालतो.