टोकाला धर की!

हापशावर रोज पाणी भरणारं पोर आणि पहिल्यांदाच हापशाला हात लावणारा शहाणा माणूस लगेच ओळखू येतात. पोर दांड्याचं अगदी टोक धरतं. शहाणा माणूस सभ्यपणे मधोमध धरतो, दोन-चार हिसके देतो आणि ‘बंद आहे वाटतं’ म्हणत मागे सरतो. मग रांगेतून कुणीतरी ओरडतं, ‘टोकाला धर की बे!’

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्यामुळे गल्लीतल्या हापशाशी आमची ओळख जुनी. शाळेत मात्र तरफ शिकवतात ती कात्री, अडकित्ता आणि चिमटा दाखवून. टेकू मधे, भार मधे, बल मधे, असे तीन प्रकार घोकून पोरं दोन मार्क मिळवतात आणि घरी येऊन हापशाच्या दांड्याला लोंबकळतात. पहिल्या प्रकारच्या तरफेचा एवढा दणदणीत नमुना चौकात उभा असताना पुस्तकात कात्रीच का, हे मला अजून कळलेलं नाही.

मेकॅनिकनं इंडिया मार्क टूच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या हापशाच्या, डोक्याचं झाकण उघडलं की जरूर डोकावून बघावं. आत दांडा एका आसावर बसवलेला, आसाला बेअरिंग. दांड्याच्या आतल्या टोकाला लोखंडाचा कमानदार तुकडा, त्यावर ग्रीस माखलेली साखळी, आणि साखळीला खाली बोअरमध्ये उतरलेली सळई. दांडा गोलाईत फिरतो, पण साखळी कमानीला धरून असल्यामुळे सळई सरळच वर-खाली होते. आसापासून साखळीपर्यंत जेवढं अंतर, त्याच्या आठपट अंतर आसापासून हातापर्यंत. सगळी करामत या आठात आहे.

हिशेब मांडून बघा. सळईच्या टोकाचा दट्ट्या ज्यात सरकतो, त्या खालच्या सिलिंडरचा व्यास ६३.५ मिलिमीटर. पाणी ३० मीटर खोल असेल, तर दट्ट्यावर पाण्याचा भार येतो साधारण ९५ किलो. म्हणजे दर हिसक्याला ज्वारीचं एक पोतं उचलायचं! त्याला आठनं भागलं की हातावर उरतात बाराएक किलो. सळयांचं वजन वेगळं, पण दांडा मुद्दाम भरीव पोलादाचा असतो, त्याचा भार त्यांना बराचसा तोलून धरतो. वीज नाही, मोटार नाही, तरी दहा-बारा वर्षांची पोर बोलत बोलत तळातलं पाणी वर आणते.

फुकट मात्र काही मिळत नाही. दट्ट्या साडेबारा सेंटिमीटर सरकवायला हाताला मीटरभर खाली-वर जावं लागतं. एवढं करून एका हिसक्याला पाणी जेमतेम ४०० मिलिलिटर. पंधरा लिटरची घागर भरेपर्यंत चाळीसेक हिसके होतात.

या हापशात सोलापूरचा वाटा आहे, आणि तो सोलापूरकरांनाच फारसा ठाऊक नाही. पूर्वी गावोगावी बसवलेले बिडाचे पंप म्हणजे परदेशातल्या घरगुती पंपांच्या नकला. एका कुटुंबापुरता पंप अख्ख्या गावानं दिवसभर हापसला तर टिकणार कसा? जालन्यात आणि सोलापुरात ख्रिस्ती मिशनच्या विहिरी-बोअरच्या कामातून एका आसाचे दणकट पोलादी पंप घडले. त्यातला ‘सोलापूर पंप’ सरस निघाला. १९७०च्या दशकात सरकार आणि युनिसेफनं त्याच्याच आधारावर मार्क टू तयार केला, आणि तो पार आफ्रिकेतल्या खेड्यांपर्यंत पोचला. चादरीइतकं कौतुक या दांड्याच्या वाट्याला आलं नाही, एवढंच.

पृथ्वी हलवून दाखवतो, फक्त उभं राहायला जागा द्या, असं आर्किमिडीज म्हणाला होता म्हणे. गडी हुशार, त्यानं दांडा नाही, जागा मागितली. मार्क टूचं खोड बोअरच्या केसिंगवर, म्हणजे बोअरमध्ये बसवलेल्या पाइपवर, टेकलेलं नसतं, ते सिमेंटच्या ओट्यात रोवलेलं असतं. दांड्याचे दणके ओट्यात जिरतात. ओटा खिळखिळा झाला की अख्खा हापसा डुलायला लागतो, मग लांब दांड्याचा काय उपयोग? आमच्याकडे हापसा कुरकुरला की लोक वॉशरच्या नावानं बोटं मोडतात. मी आधी ओट्याची भेग बघतो. पण वॉशर लगेच बदलून मिळतो, ओट्यासाठी अर्ज करावा लागतो.