लव्हाजच्या स्लाइडवरच्या काळ्या पेशी

महिनोन्महिने न हटणाऱ्या खोकल्याच्या पेशंटची ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी, झाली की लव्हाजचं सॅम्पल आमच्या सायटॉलॉजीत, म्हणजे पेशी तपासणाऱ्या विभागात येतं. फुप्फुसात सलाइन सोडून परत ओढलेलं ते गढूळसर पाणी, वर थोडा फेस. सेंट्रिफ्यूजला लावायचं, स्लाइड रंगवायची. फुप्फुस ठणठणीत असेल तर दहातल्या आठ-नऊ पेशी मॅक्रोफेज, म्हणजे धूळ आणि जंतू गिळून टाकणाऱ्या पेशी निघतात. विडी ओढणाऱ्याच्या तपकिरी कणांनी भरलेल्या. जन्मभर चुलीपुढे बसलेल्या आजीच्या काळ्याकुट्ट. कधी कधी केंद्रकसुद्धा धड दिसत नाही.

एवढी काजळी गिळूनही त्या गप्प असतात, याचंच मला कौतुक. रोगप्रतिकार म्हटलं की लोक लगेच सैनिक आणि लढाईवर येतात. मला ते पटत नाही. वायुकोशात, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशवीत, हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. धुळीच्या कणाकणावर तिथे कोणी तुटून पडलं, तर सूज येऊन पाणी साचेल आणि माणूस गुदमरेल. पहाटे रस्ता झाडून जाणाऱ्या बायकांसारखं यांचं काम, बोभाटा नाही.

फ्लूचा विषाणू श्वासातून आत गेला की मात्र गप्प बसून भागत नाही. लागण झालेल्या पेशीत रिग-आय नावाचं प्रथिन असतं, ते विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, हेरतं आणि इंटरफेरॉन नावाचं इशारा देणारं प्रथिन सुटतं. मॅक्रोफेजही ते सोडतात. ते पोचलं की शेजारच्या पेशी विषाणूची वाढ रोखणारी प्रथिनं तयार ठेवतात. १९५७ साली लंडनच्या मिल हिलमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन या शास्त्रज्ञांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर फ्लूचेच विषाणू वापरून हे इंटरफेरॉन शोधलं.

अंग मोडून येतं तेव्हा आपण विषाणूला शिव्या घालतो, पण त्यात मोठा हात आपल्याच पेशींचा. पूर्वी हिपॅटायटिस सी साठी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत. फ्लू नसताना त्या पेशंटना अगदी फ्लूसारखा ताप आणि कणकण यायची.

नेमक्या त्या विषाणूवर तयार झालेल्या टी पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) फुप्फुसात पोचायला आठवडाभर जातो. तोवर विषाणूने श्वासनलिकेचं अस्तर सोलवटलेलं असतं, जिवाणूंना आयतं रान मिळतं. १९१८ च्या साथीत दगावलेल्या बहुतेकांच्या फुप्फुसांत जिवाणूंचा न्यूमोनिया सापडला होता. म्हणून फ्लूचा ताप उतरून दोन-चार दिवस बरं वाटलं आणि पुन्हा ताप चढला, तर काढा उकळत बसू नका, छाती तपासून घ्या.