घरातली प्रार्थना आणि मुलांचा वाटा

कौटुंबिक प्रार्थनेला मुले बसत नाहीत, अशी तक्रार आमच्या चर्चच्या मंडळीतल्या तरुण आईवडिलांकडून मी वारंवार ऐकते. माझ्या मते याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते, की मुलांना तेथे गप्प बसण्यापलीकडे काही कामच दिलेले नसते. वडीलच वाचतात, वडीलच अर्थ सांगतात, लांबलचक प्रार्थनाही तेच करतात आणि मुलांच्या वाट्याला फक्त शेवटचे ‘आमेन’ येते.

बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवायला सांगितले आहे, पण त्याच वाक्यात घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना त्यांविषयी बोलत जावे असेही म्हटले आहे. बोलणे म्हटले की ऐकणाऱ्यालाही तोंड उघडायची मुभा हवी. शिवाय हे काम एकट्या वडिलांचे नव्हे. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या विश्वासाविषयी लिहिताना प्रेषित पौल त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नावे घेतो.

आमच्या घरी जेवणे आटोपल्यावर मार्काचे शुभवर्तमान वाचले जाते. अध्याय सोळाच, प्रसंग आटोपशीर आणि घटना भराभर घडणाऱ्या, त्यामुळे मुलांबरोबर सुरुवात करायला ते मला सर्वांत सोयीचे वाटते. थोरली वाचते. इंग्रजी माध्यमामुळे जोडाक्षरांशी ती अडखळते, पण तिच्या हातून पुस्तक काढून घ्यायचे नाही, हा आमचा नियम आहे. दुसऱ्या अध्यायात चौघे जण पक्षाघाती माणसाला येशूकडे घेऊन येतात आणि गर्दीमुळे छप्पर उकरून त्याला खाली सोडतात, तेथे धाकट्याने विचारले, “मग ते छप्पर नंतर कोणी नीट केले?” शास्त्रात याचे उत्तर नाही आणि तसेच आम्ही त्याला सांगितले. पण त्यानंतर सासूबाईंनी नगरकडच्या आपल्या माहेरच्या धाब्याच्या घराचे वर्णन केले: आडवी लाकडे, त्यांवर काटक्या आणि वर दाबून बसवलेली माती. ही घटना घडली त्या गालीलातली छपरेही बरीचशी अशीच सपाट, मातीची असत, त्यामुळे ती उकरणे म्हणजे काय आणि खाली बसलेल्यांच्या डोक्यावर काय पडले असेल, हे काँक्रीटच्या इमारतीत वाढणाऱ्या मुलांना लगेच उमगले. त्या रात्री पुढचे वाचन झाले नाही, पण त्या चौघांनी आपल्या माणसासाठी किती खटपट केली, यावर मुले बराच वेळ बोलत राहिली.

गीतांच्या बाबतीत मराठी ख्रिस्ती घरांना मोठा वारसा लाभला आहे. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजनाची वाट आपल्या उपासनेत रुजवली, आणि त्यांची पदे ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातून आजही गायली जातात. पेटी नसली तरी टाळांवर ती रंगतात. टाळ मात्र मुलांच्या हाती द्यावेत, ताल चुकला तरी चालेल.

प्रार्थनेविषयी मात्र माझे मत ठाम आहे. “हे प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे, मोबाईलपासून दूर ठेव,” अशी प्रार्थना मुलासमोर करणे म्हणजे लेकी बोले सुने लागे असा प्रकार होतो. बोलणे देवाशी चाललेले असते आणि टोमणा शेजारी बसलेल्या मुलाला बसतो. मुलाला सांगायचे ते सरळ त्यालाच सांगावे. प्रार्थनेत आईवडिलांनी स्वतःच्या गरजा, स्वतःच्या चुका मांडाव्यात आणि मुलांनी कोणासाठी मागायचे ते त्यांनाच ठरवू द्यावे. आमच्याकडे आजीचा गुडघा, वर्गातली आजारी मैत्रीण आणि इमारतीच्या रखवालदाराचे गावाकडचे बाळ असे विषय येतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची चौकशी करण्याची आठवणही मुलेच करून देतात.

पंधरा मिनिटांपेक्षा अधिक वेळ लहान मुलांकडून मागू नये. परीक्षेच्या दिवसांत किंवा सगळेच थकलेले असताना त्याहूनही कमी चालते: स्तोत्र 117 दोनच वचनांचे आहे, ते एकाने वाचावे, सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणावी आणि मुलांना झोपू द्यावे.