रात्री तीनला कुठला चंद्रोदय?

मागच्या आठवड्यात आईचा फोन माझ्या हातात आला, नेहमीप्रमाणे "स्लो झालाय रे, बघ जरा" म्हणून. दर दोनेक महिन्यांनी हा कार्यक्रम असतो, मी गुड मॉर्निंगचे दोनशे फोटो उडवतो, फोन परत देतो, ती म्हणते आता कसा छान चालतोय. या वेळी सहज सेटिंग्जमधला प्रायव्हसी डॅशबोर्ड उघडला. अँड्रॉइड १२ पासून आहे तो, मागच्या चोवीस तासांत कुठल्या अॅपने कॅमेरा, माइक, लोकेशन कधी वापरलं ते वेळेसकट दाखवतो, आणि कोणी बघत नाही. तर लोकेशनच्या यादीत सगळ्यात वर कोण, तर पंचांगाचं अॅप. रात्री १२:१०, १२:५५, १:४०, २:२५, ३:१०, असं पहाटेपर्यंत.

आईला दाखवलं. चष्मा नाकावर सरकवून तिने सगळी यादी वाचली आणि म्हणाली, "अरे मी तर झोपले होते. रात्री तीनला कुठला चंद्रोदय?"

आता खरं सांगायचं तर पंचांगाला लोकेशन अगदीच नको असं नाही. संकष्टीला नागपुरात चंद्र आपल्या आधी उगवतो, त्यामुळे शहर कुठलं ते त्याला कळायला हवं. पण शहर कळलं की झालं ना! आमची आई लालबागला कुठल्या बिल्डिंगमध्ये झोपलीय याने चंद्राला काय फरक पडतो? आणि परमिशन कुठली होती, तर नेमकं लोकेशन, तेही कायम, अॅप बंद असलं तरी. हे कोणी दिलं विचारलं तर आई म्हणते, "ते विचारतं, मी हो म्हणते. नाही म्हटलं तर परत परत विचारत बसतं, मी काय त्याच्याशी भांडत बसू?"

बरं, हे अॅप बनवणाऱ्याला तरी आईच्या लोकेशनचं काय करायचंय? बऱ्याचदा त्याला काहीच करायचं नसतं. फुकट अॅपमध्ये जाहिराती दाखवायच्या तर जाहिरात कंपनीचं तयार कोड अॅपमध्ये टाकावं लागतं, त्याला एसडीके म्हणतात, आणि अॅपला जी परमिशन मिळालीय ती या एसडीकेलाही आपोआप मिळते. मुंबईच्या भाषेत सांगायचं तर पोटभाडेकरू. तुम्ही खोली दिलीत एकाला, त्याने आत ठेवलेत चार, चौघांकडे किल्ली, आणि भाडं तुम्हाला कोणाचंच नाही. मग फोनचा एक अॅडव्हर्टायझिंग आयडी असतो, म्हणजे जाहिरातवाल्यांसाठीचा ओळख नंबर, त्या नंबराखाली हे लोकेशनचे ठिपके जमा होतात आणि पुढे डेटा ब्रोकरांना, म्हणजे लोकांच्या माहितीचा धंदा करणाऱ्यांना, विकलेही जातात.

ही माझ्या मनातली भीती नाहीये हां. २०१३ मध्ये अमेरिकेत 'ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट' नावाच्या अॅपवर तिथल्या एफटीसीने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, कारवाई केली, साधा टॉर्च, कोट्यवधी डाउनलोड, आणि तो लोकेशन आणि फोनचा आयडी जाहिरातवाल्यांना पाठवत होता, 'नको' म्हणायचा पर्याय दिसायच्या आधीच डेटा गेलेला असायचा. आणि परदेशातलेच कशाला, २०१६ मध्ये आपल्या बंगळुरूच्या इनमोबी या मोबाइल जाहिरात कंपनीवर त्याच एफटीसीने आरोप केला की लोकेशनला नकार दिलेल्या लोकांचाही माग ही कंपनी आजूबाजूच्या वायफायवरून काढते. साडेनऊ लाख डॉलर दंड भरून ते मिटवलं. म्हणजे जीपीएस बंद केलं म्हणून आपण सुटलो असं नाही, आजूबाजूला कुठकुठली वायफाय दिसतायत एवढ्यावरून जागा कळते, कारण कुठलं वायफाय कुठे आहे याचे नकाशे आधीच बनवलेले आहेत.

लोक म्हणतात फोन आपलं बोलणं ऐकतो, आमच्या ऑफिसात तर यावर रोज जेवताना चर्चा. मला वाटतं ऐकायची गरजच काय! आईचंच घ्या, फोन रात्री लालबागला म्हणजे घर लालबाग, मंगळवारी पहाटे प्रभादेवीला म्हणजे सिद्धिविनायक, गुरुवारी सकाळी नऊ ते एक केईएम म्हणजे ओपीडी. सलग चार गुरुवार केईएम. नाव नको, नंबर नको, एवढ्यात धर्म, वय, तब्येत सगळं आलं. २०१३ मध्येच एक अभ्यास आला होता, एका देशातल्या पंधरा लाख लोकांच्या मोबाइल डेटाचा, त्यात निघालं की जागा आणि वेळ असे फक्त चार ठिपके मिळाले तरी ९५ टक्के लोक वेगळे ओळखता येतात. आमच्यासारख्या लालबागहून अंधेरीला जाऊन परत येणाऱ्याचे दोन ठिपके तर रोजचे ठरलेले, उरले किती?

लोकेशनचं तरी दिसत नाही म्हणून कोणाला काही वाटत नाही. कॉन्टॅक्टचं मात्र आमच्या मजल्यावर सगळ्यांनी बघितलंय. शेजारच्या मुलाने एका कर्जाच्या अॅपवरून थोडेसे पैसे घेतले, हप्ता चुकला आणि त्याच्या फोनमधल्या प्रत्येकाला फोन सुरू, आईलासुद्धा आला, "याला ओळखता का, चोर आहे हा" म्हणून. ती माउली दोन दिवस त्याच्या आईशी बोलायलाच लाजत होती. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम काढला की कर्जाच्या अॅपनी कॉन्टॅक्ट, कॉल लॉग, फोटो यांना हात लावायचा नाही. पण जी अॅप मुळात कुठल्याच बँकेशी जोडलेली नाहीत ती कशाला नियम पाळतायत.

कायदा आपल्याकडेही आहे, २०२३ चा डेटा संरक्षण कायदा, दंड २५० कोटींपर्यंत. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले आणि त्यातल्या मुख्य गोष्टींसाठी कंपन्यांना १८ महिने दिले. त्यात संमती मोकळ्या मनाने, समजून-उमजून दिलेली हवी असं लिहिलंय. आणि आमच्याकडे संमती म्हणजे "मी काय भांडत बसू".

असो. तासभर बसून आईच्या फोनची झाडाझडती घेतली. पंचांगाचं लोकेशन बंद, शहर हाताने 'मुंबई' टाकलं, ते चालतं, अॅपमध्येच सोय होती पण तिसऱ्या मेनूत लपवलेली. टॉर्चचं वेगळं अॅप काढून टाकलं, फोनमध्येच टॉर्च असतो हे आईला माहीतच नव्हतं. अॅडव्हर्टायझिंग आयडी डिलीट केला. रिक्षा-टॅक्सीच्या अॅपला 'वापरताना फक्त' एवढंच ठेवलं. मग शहाणपणाने आपलाही डॅशबोर्ड उघडला तर माझ्या यादीत आईपेक्षा जास्त अॅप निघाली, त्यात एक जेवण मागवायचं, जे मी गणपतीनंतर उघडलेलंही नाही. हे मी आईला सांगितलेलं नाही.

काल संकष्टी होती. मी म्हटलं थांब, चंद्रोदय बघून सांगतो, अॅप उघडलं तर आधी जाहिरात, मग 'अचूक वेळेसाठी लोकेशन चालू करा', मग परत जाहिरात. तोवर आई स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर बघून आली होती. नऊ सत्तावीस. समोरच्या टॉवरमागून आमच्या गॅलरीत यायला त्याला आणखी पाऊण तास लागतो, तोवर मोदक झाकून ठेवलेले.