मधला मारुती ते पूर्व भाग

संक्रांत तोंडावर आली की सोलापूरच्या मधल्या मारुतीच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. सुगडं, बोरं, ऊस, हरभऱ्याचे ढहाळे, सगळं रस्त्यावर. आज सकाळी मुद्दाम कॅमेरा घेऊन गेले. उन्हाळ्यात सोलापूरचं ऊन आठलाच फोटो पांढरेफटक करतं. थंडीत मात्र ते बराच वेळ तिरपं राहतं आणि चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती दिसते.

सुगडंवाल्या मावशींना विचारलं, "फोटो काढू का?"
पदर सावरत म्हणाल्या, "काढ की. सुगडं पण येऊ दे त्यात."
लगेच गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये भाव सुरू. पलीकडे तेलुगू, हिंदी. हे फोटोत उतरत नाही, याचं खरंच वाईट वाटतं.

मग पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत गेले. मागांची खटखट पूर्वीइतकी राहिली नाही. एका दारातून आत पाहिलं, जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, चादरीचा मोर उतरत होता. आपल्या सोलापुरी चादरीला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, पण विणणाऱ्यांचे चेहरे कुणाला माहीत आहेत? मला ते टिपायचेत. कुणाच्या घरी माग चालू असेल तर कळवा, फोटो छापून घरी आणून देईन.

आणि संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांच्या, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांच्या, मिरवणुकीला कोण कोण येतंय?